सुटलेले पोट आणि टेप

परवा एक शेतकरी गृहस्थ गुडघेदुखीसाठी आले. हातपाय काटकुळे, पोट मात्र पुढे. "खात्यापित्या घरचं लक्षण, डॉक्टर!" म्हणाले. वजन फारसे नव्हते, म्हणून पोटाला टेप लावली. घेर १०२ सेंटिमीटर! आपल्याकडे पुरुषाने ९० आणि स्त्रीने ८० ओलांडले की साखर व रक्तदाब तपासलाच पाहिजे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वाजवीपेक्षा जास्त वजनाच्या स्त्रिया २०१५-१६ साली शेकडा सुमारे २१ होत्या. २०१९-२१ मध्ये २४ झाल्या. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना तर जवळच्या खेड्यांतील कमी वजनाच्या नवजात बाळांतही चरबी मात्र टिकून असलेली आढळली.

त्यात शेतावर मोटारसायकलने जायचे, दिवसाला आठ कप गोड चहा (पाहुणा आला की नववा). दुसऱ्या दिवशी गृहस्थांची उपाशीपोटी साखर २१० निघाली. बायकोने साखरेचा डबा कुलपात ठेवला आहे.