शिंजीर, सह्याद्री

पॅसेरिफॉर्मीस गणाच्या नेक्टॅरिनिइडी कुलातील एक पक्षी. याचे शास्त्रीय नाव ईथोपायगा व्हिगॉर्साय आहे. कर्नल डब्ल्यू. एच. साइक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनमधील नमुन्यांवरून याचे वर्णन केले आणि निकोलस व्हिगॉर्स या प्राणिवैज्ञानिकांचे नाव त्याला दिले. पुढे दीर्घकाळ याला हिमालय व आग्नेय आशियात आढळणाऱ्या किरमिजी शिंजिराची उपजाती मानीत. आता ही स्वतंत्र जाती मानतात. पश्चिम घाटाच्या, विशेषतः त्याच्या उत्तर भागाच्या, बाहेर ती आढळत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात आंबोलीच्या (उंची सु. ६९० मी.) सदाहरित व निमसदाहरित वनांत ती दिसते. मालवणच्या किनाऱ्यावरील बागांत नेहमी दिसणारा जांभळा शिंजीर मात्र वेगळा होय.

हा चिमणीपेक्षा लहान असतो. नराची पाठ किरमिजी असून गळा व छाती लालभडक असते. छातीवरील बारीक पिवळ्या रेषांमुळे तो किरमिजी शिंजिरापासून ओळखता येतो. शेपटी हिरवट चकाकीची असते. मादी फिकट हिरवट रंगाची असते.

चोच लांब, बारीक व खाली वाकलेली असते. लांब, नळीसारख्या जिभेने तो मकरंद घेतो. पिलांना मात्र मुख्यतः कीटक व कोळी भरवितो. ऑस्ट्रेलिया व न्यू गिनीतील मेलिफॅगिडी कुलातील मधपक्षी आणि अमेरिकेतील गुंजनपक्षी यांच्याशी शिंजिरांचे निकटचे नाते नाही. सारख्या आहारामुळे त्यांच्यात साम्य आले आहे.

घरटे लांबट थैलीसारखे व टांगते असून ते गवत, तंतू व कोळ्याची जाळी यांचे बनविलेले असते. प्रवेशद्वार बाजूस असते.

फुलांतील मकरंद घेताना परागकण कपाळाला व चोचीला चिकटतात आणि पुढील फुलावर पोहोचतात. बांडगुळाच्या नळीसारख्या फुलांचे परागण शिंजीर करतात, तर त्याच्या बियांचा प्रसार फुलटोच्या करतात. मुरुडशेंग, धायटी, पांगारा ही झाडेझुडपेही शिंजिरांना मकरंद पुरवितात. वर्षभर कोठे ना कोठे फुले असणारे मिश्र वन त्यामुळे या पक्ष्यास आवश्यक असते. दोडामार्ग व सावंतवाडी तालुक्यांत अशा वनाच्या जागी रबराची एकसुरी लागवड झाल्यास ही अखंड साखळी तुटते. ही जाती अद्याप संकटग्रस्त मानली जात नाही. परंतु तिचे क्षेत्र सह्याद्रीपुरतेच असल्याने येथील अधिवास गेल्यास तिला दुसरीकडे आसरा नाही. या दृष्टीने २०२० मध्ये घोषित झालेले तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र महत्त्वाचे ठरते.