लेखांक ४ : पाच महिने उभ्या गाडीची बॅटरी

मागच्या लेखांकात उभ्या गाडीच्या टाकीतल्या पेट्रोलचं काय होतं ते आपण पाहिलं. पेट्रोल शिळं व्हायला काही महिने तरी लागतात. बॅटरी त्याच्या कितीतरी आधी मान टाकते, आणि ती खरोखर मेली की नवी घेण्यावाचून इलाज नसतो. म्हणून आजचा लेखांक पूर्णपणे तिच्यासाठी.

उदाहरण जर्मनीचं घेऊ, कारण गाडी हंगामापुरती चालवायची आणि उरलेले महिने झाकून ठेवायची ही पद्धत तिथे कायद्यानेच मान्य केली आहे. १९९७पासून तिथे हंगामी नंबरप्लेट मिळते. प्लेटच्या उजव्या कडेला दोन महिन्यांचे आकडे एकाखाली एक छापलेले असतात. वर ०४ आणि खाली १० असेल, तर गाडी एप्रिलच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरअखेरपर्यंतच रस्त्यावर येऊ शकते. कर तेवढ्याच महिन्यांचा भरायचा. बाकीच्या पाच महिन्यांत ती चालवणं तर सोडाच, सार्वजनिक रस्त्याच्या कडेला उभीही करता येत नाही. स्टुटगार्ट किंवा म्युनिककडे नोकरीला असलेल्या मराठी मंडळींपैकी कुणी हौसेने पोर्शे ९११ घेतली असेल, तर नोव्हेंबर ते मार्चचा हा मुक्काम त्यांच्या चांगला ओळखीचा असेल. रस्त्यावर मीठ टाकलेलं असताना ती गाडी कुणीच बाहेर काढत नाही.

आता हिशेब करू. किल्ली काढली, दार लावलं की गाडी बंद झाली असं आपण समजतो. प्रत्यक्षात अलार्म जागा असतो, रिमोटचा इशारा ऐकणारा रिसीव्हर जागा असतो, घड्याळ चालू असतं, चोरीच्या भीतीने बसवलेला ट्रॅकर अधूनमधून आपला ठावठिकाणा कळवत असतो. या सगळ्यांची मिळून ओढ आधुनिक गाडीत साधारण २० ते ५० मिलीअँपिअर असते. ४० धरू. म्हणजे दिवसाला जवळजवळ १ अँपिअर-तास. बॅटरी ७० अँपिअर-तासांची असेल, तर १ नोव्हेंबरला पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निम्मी होते आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत पार उतरते. बॅटरी स्वतःहून जी थोडी थोडी वीज गमावते, ती यात धरलेलीच नाही. गाडी बाहेर काढायची तारीख तर १ एप्रिल.

नुसती उतरली असती तरी हरकत नव्हती, पुन्हा चार्ज केली असती. शिशाच्या बॅटरीचं दुखणं वेगळं आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये ही बॅटरी बनवली, आणि मूळ रसायन आजही तेच आहे : एका प्लेटवर शिसं, दुसरीवर शिशाचा डायऑक्साइड, मध्ये सल्फ्युरिक आम्ल. वीज बाहेर पडते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेटचा बारीक थर धरतो आणि आम्ल पातळ होत होत पाण्याकडे झुकतं. लगेच चार्ज केलं तर तो बारीक थर विरघळून सगळं मूळपदावर येतं. पण अर्धवट उतरलेल्या अवस्थेत बॅटरी आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर त्याच थराचे मोठे, घट्ट स्फटिक बनतात. ते चार्जिंगला दाद देत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो. याला सल्फेशन म्हणतात. उभ्या गाड्यांच्या बॅटऱ्या बहुतेक वेळा यानेच मरतात. बॅटरी किती वापरली यापेक्षा ती किती काळ अर्धी रिकामी राहिली, यावर तिचं आयुष्य ठरतं.

यात थंडीची भर पडते. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे ५० अंशांच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीत मात्र बरंचसं पाणीच उरलेलं असतं; ते उणे १०च्या आसपास गोठू शकतं. बव्हेरियातल्या उघड्या शेडमध्ये जानेवारीत तेवढं तापमान सहज उतरतं. बर्फ फुगतो, प्लेटा वाकतात, बॅटरीचं खोकं तडकतं. गोठलेली बॅटरी चार्जरला लावणं धोक्याचं असतं; ती आधी पूर्ण वितळू द्यायची, खोकं तपासायचं आणि तडा दिसला तर ती टाकूनच द्यायची.

९११च्या मालकापुढे आणखी एक अडचण असते. तिचं इंजिन मागे, सामानाची जागा पुढे, आणि बॅटरीही पुढच्या झाकणाखाली. २००५च्या सुमारास आलेल्या ९९७ या पिढीत ते झाकण विजेवर उघडतं. म्हणजे बॅटरी उतरली तर बॅटरीपर्यंत पोचायचा रस्ताच बंद. कंपनीने त्यावर तोड ठेवली आहे. पायाजवळच्या फ्यूजबॉक्समध्ये एक धन टोक असतं, ते ओढून बाहेर काढायचं, त्याला दुसऱ्या बॅटरीची धन वायर लावायची आणि ऋण वायर दाराच्या कुलपाच्या लोखंडी आकड्याला. तेवढ्या विजेवर झाकण उघडतं. ते टोक फक्त झाकण उघडण्यापुरतं आहे. त्यावरून सेल्फ मारायला जाऊ नये, ती वायर तेवढा प्रवाह पेलणारी नाही.

अशा गाड्यांच्या दारांना काचेभोवती चौकट नसते. दार उघडताना काच आपोआप थोडी खाली येते आणि दार लागल्यावर वर जाऊन रबरात बसते. बॅटरी मेलेली असताना काच खाली येत नाही, आणि दार जोराने ओढलं तर रबर फाटतं किंवा काच दुखावते. हँडब्रेक विजेवरचा असेल, तर तोही सुटत नाही आणि गाडी ढकलून बाहेर काढता येत नाही. एका उतरलेल्या बॅटरीपायी किती गोष्टी अडतात, हे पाहिलं की तिची काळजी आधीच घेणं किती स्वस्त पडतं ते पटतं.

आता एका सवयीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ‘आठवड्यातून एकदा दहा मिनिटं गाडी चालू करून ठेवतो’ असं अनेक जण मोठ्या विश्वासाने सांगतात. हेतू चांगला आहे, पण उपाय चुकीचा आहे. सेल्फ मारायला लागणारी वीज थोडीच असते आणि ती काही मिनिटांत भरूनही निघते. आठवडाभरात अलार्मने आणि ट्रॅकरने ओढलेले सहा-सात अँपिअर-तास मात्र दहा मिनिटांत परत येत नाहीत. शिशाची बॅटरी शेवटचा पाचवा हिस्सा अगदी सावकाश भरून घेते. अल्टरनेटर कितीही मोठा असला तरी तिला घाई करता येत नाही. बॅटरी दर आठवड्याला थोडी थोडी मागे पडत जाते. इंजिनाचं नुकसान वेगळंच. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. लांब पल्ल्यावर ते वाफ होऊन निघून जातं. थंड गॅरेजमध्ये उभ्या उभ्या चालवलेल्या इंजिनात ते तेलात आणि सायलेन्सरमध्ये साचतं. गाडी चालवायची तर अर्धा-पाऊण तास नीट रस्त्यावर चालवा, नाहीतर चालूच करू नका. मधला मार्ग सर्वात वाईट.

खरा उपाय म्हणजे मेन्टेनर. जुन्या पद्धतीचा ट्रिकल चार्जर वेगळा आणि हा वेगळा, हे आधी नीट लक्षात घ्या. जुना चार्जर बॅटरी भरली की नाही याचा विचार न करता प्रवाह सोडत राहतो. व्होल्टेज १५च्या वर चढतं, पाणी आटतं, धन प्लेट गंजते. दोन-तीन महिने तो लावून ठेवणं म्हणजे बॅटरी शिजवणं. मेन्टेनर आधी ठरलेल्या प्रवाहाने भरतो. मग व्होल्टेज १४.४च्या आसपास धरून प्रवाह हळूहळू कमी होऊ देतो आणि बॅटरी पूर्ण भरली की साधारण १३.५ व्होल्टवर उतरून तिथे थांबतो. काही मेन्टेनर पूर्ण बंद होतात आणि व्होल्टेज घसरलं की पुन्हा हळूच जागे होतात. काचेच्या तंतूंचा थर असलेल्या एजीएम बॅटरीला भरताना व्होल्टेज थोडं जास्त लागतं, म्हणून चार्जरवर त्याची वेगळी सोय आहे का ते पाहून घ्यावं. स्वीडनची सीटेक ही कंपनी असे चार्जर बनवते, आणि पोर्शे, फेरारीसारख्या कंपन्याही आपल्या नावाचे मेन्टेनर विकतात. नावापेक्षा वरचे टप्पे त्यात आहेत का, हे महत्त्वाचं. एकदा बॅटरी भरली की तो दोन-चार वॅटच खातो. महिन्याचं बिल दोन-तीन युनिटांच्या पुढे जात नाही.

लावताना क्रम पाळायचा. आधी धन क्लॅम्प, मग ऋण, मग भिंतीतलं बटण. काढताना उलट. ऋण क्लॅम्प शक्यतो बॅटरीच्या टर्मिनलला न लावता गाडीच्या नेमून दिलेल्या अर्थिंगच्या बोल्टला लावावा. बऱ्याच नव्या गाड्यांत ऋण टर्मिनलवर वीज मोजणारा सेन्सर असतो. थेट टर्मिनलवरून चार्ज केलं तर बॅटरी भरल्याचं गाडीच्या लक्षातच येत नाही. चार्ज होताना थोडा हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो, म्हणून गॅरेज हवेशीर हवं. बॅटरी डिकीत किंवा आत असलेल्या गाड्यांत तिच्या वायूची नळी जागेवर आहे ना, हेही बघावं.

हलक्या लिथियम बॅटऱ्यांचे नियम निराळे. पोर्शेने २०१०च्या सुमाराला ९११ जीटी३ आणि बॉक्सटर स्पायडरसाठी लिथियम-आयन बॅटरी देऊ केली. तिचं वजन ६ किलोपेक्षा कमी, शिशाच्या बॅटरीहून १० किलोंपेक्षा जास्त हलकी. तरी सोबत नेहमीची शिशाची बॅटरीही मिळत असे, कारण कडक थंडीत लिथियम बॅटरी पुरेसा जोर देत नाही. अशा बॅटरीला सल्फेशन होत नाही, पण सल्फेट फोडण्यासाठी जास्त व्होल्टेज सोडणारा चार्जर तिला बिघडवतो, आणि शून्याखाली चार्ज केलं तर ती कायमची अधू होते. तिच्यासाठीचाच चार्जर घ्यावा, यात काटकसर करू नये.

गॅरेजमध्ये प्लग नसेल तर? मुंबई-पुण्यातल्या वाचकांची मुख्य अडचण हीच आहे. आपल्याकडे खाली घासणाऱ्या गाड्या जून ते सप्टेंबर उभ्या राहतात. खड्डे आणि तुंबलेलं पाणी यांतून त्या कोण काढणार? इथे गोठण्याची भीती नाही, पण उकाडा आहे. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की बॅटरीची आपोआप उतरण्याची गती दुप्पट होते. सोसायटीच्या तळघरात सोलर पॅनेलला ऊन नाही आणि खांबावर स्वतःचा प्लगही नाही. अशा वेळी सोसायटीकडून रीतसर परवानगी घेऊन आपल्या मीटरवरून जोड घ्यावी, ते सर्वांत बरं. जमत नसेल तर बॅटरी काढून घरी आणावी आणि महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करावी. काढताना आधी ऋण वायर, मग धन. गाडीला रेडिओचा कोड असेल तर तो आधी लिहून ठेवा, काच थोडी खाली ठेवा, विजेवरचं झाकण पूर्ण बंद करू नका. नुसती ऋण वायर सोडून ठेवली तरी अलार्मची ओढ थांबते, पण उकाड्यात बॅटरी स्वतःहून उतरतच राहते, त्यामुळे महिन्याचा चार्ज चुकवू नये. दमट हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी धरते; ती खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुऊन, कोरडी करून वर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवावा.

चावीविना चालू होणारी गाडी असेल तर चावी गाडीजवळच्या खुंटीवर टांगू नका. चावी जवळ असली की बऱ्याच गाड्या पुन्हा पुन्हा जाग्या होतात.

एक साधा मल्टीमीटर घरात असू द्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, काहीही चालू करण्याआधी, टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. १२.६ किंवा १२.७ दिसलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२च्या खाली म्हणजे आजच चार्जरला लावा. गाडी झाकण्यापूर्वी हा आकडा एकदा वहीत लिहा आणि मग दर पंधरा दिवसांनी. आकडा १२.४च्या खाली जाऊ देऊ नका.