पुठ्ठ्याच्या खोक्यातला सिनेमा

सिनेमा दाखवायचा म्हटले की यंत्र आले, पडदा आला, खर्च आला, असे आपण धरून चालतो. पण बुटांचे रिकामे खोके, वाचायचे एक भिंग आणि घरातला मोबाइल फोन एवढ्या भांडवलावर सव्वा हात रुंदीचे हलते चित्र दाखवता येते. ज्या शाळेत प्रयोगाचे कपाट नाही, तिथल्या गुरुजींनी आणि बाईंनी हा खेळ अवश्य करून पाहावा. आजची मुले चित्रे पुष्कळ पाहतात. चित्र उमटते कसे, हे मात्र कोणी त्यांच्या हातात देत नाही.

आधी भिंगाची ओळख करून घ्या. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरा आणि हळूहळू मागेपुढे सरकवा. एका जागी बाहेरचे झाड भिंतीवर उमटेल, इवलेसे, रंगीत आणि उलटे! आता भिंगापासून भिंतीपर्यंतचे अंतर पट्टीने मोजा. हे झाले भिंगाचे नाभ्यंतर. समजा, ते १५ सेंटिमीटर भरले.

खोक्याच्या आखूड बाजूला भोक पाडून त्यात भिंग बसवा. आतून काळा कागद लावा. फोनचा उजेड पूर्ण वाढवून त्याची काच भिंगाकडे करा आणि तो आडवा उभा ठेवा. चित्र चौपट हवे असेल, तर फोन भिंगापासून सुमारे १९ सेंटिमीटरवर आणि पडदा ७५ सेंटिमीटरवर येतो. फोन किंचित पुढेमागे केला की चित्र स्पष्ट होते. चौपट लांबी आणि चौपट रुंदी म्हणजे सोळापट जागा. तेवढाच उजेड सोळापट जागेवर पसरला की चित्र मंद होणारच. म्हणून खोली चांगली काळोखी हवी, बरे का!

चित्र डोक्यावर उभे दिसेल. फोन फिरवून उलटा ठेवला की माणसे पायांवर येतात, पण आता अक्षरे आरशातल्यासारखी उमटतात! आपण म्हणाल, हे काय नवे? फोनची काच भिंतीकडे तोंड करून आहे आणि आपण तिच्या पाठीमागे बसलो आहोत. समोरून पाहताना काचेची जी उजवी बाजू, ती मागे बसणाऱ्याची डावी. हे उत्तर लगेच सांगू नका. मुलांना थोडे झगडू द्या. उपाय सोपा आहे. भिंतीऐवजी पातळ पांढरे धोतर ताणून बांधा आणि मुलांना पलीकडे बसवा. अक्षरे सरळ!

आणि दाखवायचे काय? मुलांनीच घेतलेले चित्र. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीची थोडी थोडी चित्रे घेत ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट तयार केला. तो पाहून त्यांना भांडवल मिळण्याची वाट मोकळी झाली आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. आपल्या वर्गात वाटाण्याऐवजी वाल चालेल. फोन एकाच जागी पक्का बसवा. दिवसाचे बारा तास, दर अर्ध्या तासाला एक फोटो, असे सहा दिवस. होतात १४४ फोटो. सेकंदाला बारा या वेगाने दाखवले, तर बारा सेकंदांत वाल फुगतो, टरफल फोडतो, माना वर काढतो. रात्रीच्या जागी चित्र दचकते. ते का, हेही मुलांना विचारा.

एक खबरदारी मात्र विसरू नका. भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नये. डोळा कायमचा जाऊ शकतो. आणि काम संपल्यावर भिंग उन्हात पडू देऊ नये. त्याने कागद पेटतो, तसे खोकेही पेटते. भिंग फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवा आणि पेटीची किल्ली वर्गातल्याच एखाद्या मुलीकडे किंवा मुलाकडे द्या. दुसऱ्या दिवशी खोके बाहेर काढायची घाई तुमच्यापेक्षा त्यांनाच अधिक असेल.