वीसची पाती

डहाणूच्या एका चिकूवाडीत महिंद्राची जुनी पेट्रोल जीप आहे, सीजे-३बी. मालकांनी ट्यूनिंगसाठी पेटीभर नवी हत्यारं मागवली, तरी भरले क्रेट घेऊन चढाला लागली की जीप ठोकायचीच. शेवटी तिला तलासरीला हायवेलगतच्या एका मिस्त्रींकडे न्यायचं ठरलं. त्यांची सगळी हत्यारं बिस्किटांच्या डब्यात मावतात असं ऐकलं आणि मीही मागच्या सीटवर चढून बसलो.

डबा खरंच बिस्किटांचा होता. त्यातून मिस्त्रींनी आधी तेलकट फडक्याची पुरचुंडी काढली. सोन्याचा डाग सोडवावा तशी ती सोडली. आत फिलर गेज.

"पॉइंट वीस," ते म्हणाले. वीस म्हणजे इंचाचे वीस हजारांश, साधारण अर्धा मिलिमीटर. विलीजच्या जुन्या पुस्तकातही हाच आकडा आहे. मालक आजवर हॅकसॉचं तुटकं ब्लेड अडकवून पॉइंट लावत आले होते. मिस्त्रींनी ते ब्लेड गेजच्या पात्यांशी ताडून पाहिलं. पंचवीस.

"पाचच तर जास्त," मालक म्हणाले.

मिस्त्री हसले नाहीत. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात, ठिणगी वेळेआधी पडते, आणि ओझं पडलं की इंजिन ठोकतं. "वीस म्हणजे वीस, साहेब." दिवसभरात हा आकडा मी सात-आठ वेळा तरी ऐकला असेल.

नव्या पेटीतले पाने मिलिमीटरचे, जीपचे नट इंचातले. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाच्या नटाला बाराचा पाना लागत नाही, तेराचा सैल बसून कडा खातो. शिवाय डहाणूचा खारा वारा! एका पावसाळ्यात त्या चकचकीत पान्यांवर तांबेरा चढला होता. मिस्त्रींचे सुती पाने चोरबाजारातले. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल आल्यापासून ते वर्षातून एकदा ग्रँट रोडला उतरून हत्यारं धुंडाळतात.

प्लग तीसवर लावले, कार्बोरेटर पेट्रोलने धुतला. टॅपेटला मात्र वेळ गेला. या इंजिनाचे इंटेक वॉल्व वर हेडमध्ये, एक्झॉस्टचे खाली ब्लॉकच्या कुशीत. वर अठरा, खाली सोळा. खालच्यांसाठी मॅनिफोल्डखालून हात घालावा लागतो. मिस्त्रींच्या मनगटावर भाजल्याचे जुने डाग आहेत.

मग टायमिंग. मालकांनी अठराशे रुपयांची टायमिंग लाइट पुढे केली. मिस्त्रींनी ती बाजूला ठेवली आणि इंडिकेटरचा बारा व्होल्टचा बल्ब काढला. एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. पुलीची खूण ५ अंश आधी आणून थांबवली, इग्निशन दिलं आणि डिस्ट्रिब्युटर बोटांनी हलके फिरवू लागले. पॉइंट उघडले की बल्ब पेटतो. पेटला. केसभर मागे घेतला, विझला. पुन्हा पेटला. तिथे नट आवळला. हे मी अजून विसरलेलो नाही. चालत्या इंजिनात ठिणगी किती पुढे सरकते ते बल्ब सांगू शकत नाही, हे खरं. पण ज्याचे पॉइंटच पंचवीसवर आहेत त्याने ते बघून करायचं काय?

दीड-दोनशेचं फिलर गेज, सुती पाने आणि बल्ब. नव्या माणसाने पहिले पैसे इथेच घालावेत.

मालकांच्या पेटीतली एकच वस्तू मिस्त्रींनी दोनदा हातात घेतली: व्हॅक्यूम गेज. इंजिन स्लोवर ठेवून लावलं, तर काटा १९ वर स्थिर. धडधाकट इंजिनाचा काटा आपल्या किनाऱ्यावर १७ ते २१ च्या मध्ये असाच उभा राहतो. "हे कितीला पडलं?" त्यांनी विचारलं.

संध्याकाळी जीप डहाणूला परतली. व्हॅक्यूम गेज मजुरीत वळतं झालं.