मुलगा गेल्यानंतरचे अल्बम आणि अनोळखी लोकांची पत्रं

नवा अल्बम आला की कलाकाराने मुलाखती द्यायच्या, हे ठरलेलंच. पण अल्बमचं काम चालू असताना त्याच्या घरात कुणी गेलं तर? प्रत्येक पत्रकार तोच एक प्रश्न विचारणार. म्हणून आज निक केव्हबद्दल बोलू. ऑस्ट्रेलियाचा गायक-गीतकार. 'पीकी ब्लाइंडर्स' बघितली असेल तर 'रेड राइट हँड' हे तिचं शीर्षकगीत आठवेल. ते याचंच, १९९४ चं.

जुलै २०१५ मध्ये त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा आर्थर इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळ कड्यावरून पडून गेला. 'स्केलेटन ट्री' तेव्हा अर्धवट होता. केव्हने तो पूर्ण केला आणि मुलाखती टाळायला वेगळीच वाट काढली. अँड्र्यू डॉमिनिक हा दिग्दर्शक जुना मित्र, त्याच्याकडून माहितीपट करून घेतला, 'वन मोअर टाइम विथ फीलिंग'. तो ८ सप्टेंबर २०१६ ला थिएटरांत लागला, अल्बम दुसऱ्या दिवशी आला. म्हणजे काय, तर जे सांगायचं ते एकदाच आणि ओळखीच्या माणसासमोर.

आता गंमत म्हणवत नाही, पण यातली बहुतेक गाणी आर्थर जाण्याआधीच लिहून झाली होती. काही ओळी तेवढ्या नंतर बदलल्या. तरी ऐकताना सगळं त्या मुलाबद्दलच वाटतं. खरा नंतर लिहिलेला अल्बम 'घोस्टीन', २०१९ चा. दोन्ही पाठोपाठ ऐका. पहिल्यात माणूस सुन्न आहे, दुसऱ्यात बोलायला लागलाय.

मधल्या काळात, २०१८ मध्ये, त्याने 'रेड हँड फाइल्स' सुरू केलं. कुणीही प्रश्न पाठवायचा, उत्तर तो स्वतः लिहिणार. आणि लोक लिहू लागले ते आपल्या गेलेल्या माणसांबद्दल! एका बाईंनी विचारलं, माझी गेलेली माणसं मला जवळ जाणवतात, तुम्हाला मुलगा जाणवतो का? त्याने सरळ लिहिलं की हो, जाणवतो, तो माझ्याशी बोलतानाही ऐकू येतो, तो तिथे नसेलही कदाचित.

आपल्याकडे ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' धडाधड कॉपी-पेस्ट होते. मला त्याचा राग नाही, निदान बातमी पोचल्याचं तरी कळतं. पण या पत्रात बघा, 'काळच औषध' नाही, 'देवाची इच्छा' नाही. तिने जे विचारलं तेवढंच घेतलंय आणि स्वतःचं जेवढं खरं ठाऊक आहे तेवढंच दिलंय. सांत्वनाचं पत्र म्हणून मला हेच जमलेलं वाटतं.

मे २०२२ मध्ये त्याचा मोठा मुलगा जेथ्रोही गेला. या वेळी पत्रं उलट्या दिशेने आली. लोकांनी त्याला लिहिलं आणि त्याने या पत्रांचा आधार वाटतो म्हणून आभार मानले. जूनमध्ये 'सेव्हन साम्स' आलं. सात छोट्या प्रार्थना, गाण्यापेक्षा बोललेल्या जास्त. त्याही आधीच, लॉकडाउनमध्ये लिहून झाल्या होत्या.