चव कुठे लागते?

कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेआधी काही शिक्षकांबरोबर आम्ही कपिलधारला गेलो होतो. मन्मथस्वामींच्या समाधीचे दर्शन झाले, धबधबा पाहून झाला आणि मग सावलीला बसून सीताफळे फोडली. बालाघाटच्या डोंगरातले हे फळ प्रसिद्धच आहे. 2016 मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. सगळे वाखाणत होते, पण एक गुरुजी गप्पच. त्यांना सर्दी झाली होती. ते म्हणाले, "साखर खाल्ल्यासारखं नुसतं गोड लागतंय. सीताफळ काही लागत नाही."

गुरुजींचे म्हणणे शास्त्राला धरून होते. आपली जीभ मोजक्याच रुची ओळखते. गोड, आंबट, खारट, कडू या चार आणि जपानी रसायनशास्त्रज्ञ इकेदा यांनी 1908 मध्ये दाखवलेली उमामी ही पाचवी. गोडी जिभेला कळते. पण ती सीताफळाची की चिकूची, हे मुख्यतः नाक सांगते. घास चावताना सुटणारी वाफ घशाच्या मागच्या वाटेने नाकात चढते. तिथे गंध टिपणारे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक असतात. त्यांचा शोध 1991 मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी लावला. त्यासाठी त्यांना 2004 चे नोबेल पारितोषिक मिळाले. सर्दीत ही वाट बुजते आणि हाती उरते ती नुसती गोडी.

वाइन पारखणारे लोक याच वाटेचा जाणीवपूर्वक वापर करतात. नाशिक आणि नारायणगाव परिसरात द्राक्षांपासून वाइन होऊ लागल्यापासून ही पारख आपल्याकडेही आली. पारखी पेला गोल फिरवतो, कारण वाइन काचेवर पसरली की बाष्पीभवन वाढते. मग तो हुंगतो. छोटा घोट तोंडात घोळवून त्यातून थोडी हवा ओढतो, म्हणजे वाफ मागच्या वाटेने नाकात जाते. शेवटी बहुधा घोट थुंकून टाकतो. दहा नमुने प्यायला तर अकराव्याचा निवाडा कोण करणार!

लाल वाइनमध्ये आणखी एक गुण तपासतात, तो म्हणजे तुरटपणा. द्राक्षाच्या साली-बियांतली टॅनिन ही द्रव्ये लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात. त्यामुळे लाळेचा बुळबुळीतपणा कमी होतो आणि तोंड आवळल्यासारखे वाटते. जांभूळ किंवा सुपारी खाल्ल्यावरही हेच होते. म्हणजे तुरटपणा ही बरीचशी स्पर्शाची जाणीव आहे. मिरचीचा तिखटपणा तर उष्णता आणि वेदना जाणणाऱ्या चेतातंतूंमार्फत कळतो. आयुर्वेदाच्या षड्रसांत हे दोन्ही आहेत. कारण तिथे तोंडातल्या सगळ्या अनुभवाचा विचार आहे. वर्गात एक खुलासा मात्र जरूर करावा: संस्कृतात 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू.

पारखीसुद्धा फसतात. फ्रान्समधल्या बोर्दो इथे वाइनशास्त्र शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन लाल रंग मिसळून दिली गेली. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांनी तिच्या वासाचे वर्णन लाल वाइनला लावतात त्याच शब्दांत केले. डोळ्यांनी नाकाला आधीच पढवून ठेवले होते.

आता मुद्दा आपल्या वर्गाचा. टोकाला गोड, कडांना आंबट, मागे कडू असा जिभेचा नकाशा कित्येक पुस्तकांत छापला गेला. आम्हीही तो काढून गुण मिळवले आहेत. तो चुकीचा आहे. हेनिग या जर्मन संशोधकाला 1901 मध्ये जिभेच्या निरनिराळ्या भागांच्या संवेदनक्षमतेत थोडासा फरक आढळला होता. पुढे 1942 मध्ये बोरिंग यांच्या ग्रंथातल्या आलेखामुळे तो फरक फार मोठा भासू लागला आणि त्यातून नकाशा रूढ झाला. प्रत्यक्षात रुचिकलिका असलेल्या जिभेच्या सर्व भागांना सगळ्या रुची कळतात. "मला तर मागेही गोड लागतं," असे म्हणणाऱ्या मुलाला किती वर्गांत चूक ठरवले असेल! स्वतःच्या जिभेपेक्षा छापील चित्र खरे, हा धडा तो त्या दिवशी शिकला. नकाशापेक्षा हे नुकसान मोठे आहे.

म्हणून करून पाहा. नाक चिमटीत धरून बडीशेप चावा, मग नाक सोडा. साखरेच्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा जिभेच्या टोकाला, कडांना, मागे लावा; दर वेळी चूळ भरा आणि प्रत्येकाला नवा बोळा द्या. लिंबाच्या सरबतात खाण्याचा केशरी रंग घालून मुलांना ते कशाचे आहे ते विचारा. उत्तरे एकमेकांना न दाखवता लिहू द्या आणि मगच फळ्यावर मांडा. ती पुस्तकाशी जुळली नाहीत, तर खोडण्याची घाई करू नका; प्रयोग पुन्हा करा.