भट्टीची जाळी आणि तिचे सुटे गज

अंघोळीचे पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब ज्यांनी वापरला आहे, त्यांना त्याच्या तळाची जाळी आठवत असेल. मधल्या नळीत वरून ढलप्या टाकायच्या, त्या जाळीवर जळतात, हवा जाळीच्या भोकांतून खालून वर येते आणि राख खाली पडते. बंब दोन-दोन पिढ्या टिकतो, जाळी मात्र काही वर्षांत खाऊन जाते. मग बाजारातून नवी आणून जागेवर नुसती ठेवायची. तिला ना स्क्रू, ना झाळकाम. जात्याचा खुंटा आणि नांगराचा फाळ यांचेही असेच आहे. जे झिजणार ते सुटे ठेवायचे, ही समज आपल्या जुन्या कारागिरांना होती. मोठी भट्टी बांधताना मात्र ती आपण का विसरतो, हे एक कोडेच आहे.

काही वर्षांपूर्वी घाटमाथ्यावरच्या एका निवासी शाळेतून आम्हाला बोलावणे आले. तेथे सुमारे २०० मुलांचा स्वयंपाक आणि अंघोळीचे पाणी विटांच्या एका भट्टीवर होते. इंधन लाकडाचे. तक्रार अशी, की दर चार-पाच महिन्यांनी भट्टीची जाळी खचते. मग बांधकाम फोडायचे, वेल्डर बोलवायचा, नवी जाळी बसवून पुन्हा विटा लावायच्या आणि त्या वाळेपर्यंत उघड्यावर दगड मांडून भात शिजवायचा. घाटमाथ्यावरच्या पावसात हे कसे होत असेल, याची कल्पना करावी. दरम्यान मुलांच्या अंघोळी थंड पाण्याने. ‘जाळी वितळते, जरा चांगले लोखंड सुचवा,’ एवढीच मुख्याध्यापकांची मागणी होती.

काढून टाकलेली जाळी आवारातच पडली होती. माईल्ड स्टीलच्या वीस-बावीस सळ्या अँगलच्या चौकटीला वेल्ड केलेल्या. त्यांपैकी मधल्या पाच-सहा सळ्या पार खाल्लेल्या आणि वाकलेल्या, कडेच्या जवळजवळ नव्या. म्हणजे पाव जाळी खराब झाली म्हणून सगळी जाळी फेकली जात होती आणि तिच्याबरोबर भिंतही.

पहिली गोष्ट, सळ्या वितळलेल्या नव्हत्या. लाकडाच्या निखाऱ्यांचे तापमान साधारण ९०० ते ११०० अंश सेल्सिअस असते, आणि माईल्ड स्टील वितळायला सुमारे १५०० अंश लागतात. सळ्या जळाल्या होत्या, म्हणजे त्यांचे ऑक्सिडीकरण झाले होते. लोखंडावर नेहमी जमणारा ऑक्साइडचा थर थोडीफार राखण करतो. पण ५७० अंशांच्या वर त्या थरात फेरस ऑक्साइड तयार होऊ लागते. त्यातून लोहाचे आयन सहज बाहेर सरकतात, त्यामुळे थर झपाट्याने वाढतो. भट्टी रोज तापते, रोज निवते. निवताना तो थर तडकून पापुद्र्यांनी गळून पडतो आणि खालचे ताजे लोखंड उघडे होते. वर्गात दाखवायला असा एखादा पापुद्रा जवळ ठेवावा. तो ठिसूळ असतो, आणि चुंबकाला बहुधा चिकटतोही.

दुसरी गोष्ट वाकण्याची. ही थोडी बारकाईने पाहण्यासारखी आहे. पोलादाची १ मीटर लांबी १ अंशाने तापली तर सुमारे १२ दशलक्षांश मीटरने वाढते. म्हणजे ४५० मि.मी.ची सळी ५०० अंशांनी तापली, तर ती २.७ मि.मी. लांब होईल. ‘एवढेसेच ना?’ असे विद्यार्थी म्हणतील. आता ही सळी दोन्ही टोकांना पक्की वेल्ड केलेली आहे, आणि विटांत गाडलेली चौकट त्या मानाने थंड आहे. सळीला लांब व्हायला जागा नाही, म्हणून ती मध्ये पोट काढते. पोट किती येईल? सळी मध्यावर कोन करून वाकली असे धरा. पाया २२५ मि.मी., कर्ण २२६.३५ मि.मी.; पायथागोरसने उरलेली बाजू काढा. ती सुमारे २५ मि.मी. येते. प्रत्यक्षात सळी गोलाईत वाकते, त्यामुळे आकडा २१-२२ वर येईल, एवढाच फरक. पावणेतीन मिलिमीटरच्या वाढीने दोन सेंटिमीटरचे पोट!

याचा प्रयोग शाळेत सहज होतो. सायकलचा एक सरळ स्पोक दोन जड विटांमध्ये घट्ट अडकवा, विटांच्या मागे आणखी वजन ठेवा, आणि मधोमध स्पिरिटचा दिवा धरा. दिव्याने पाचेक सेंटिमीटरच भाग तापतो. वाढ पाव मिलिमीटरच्या आसपास, पण स्पोक काही मिलिमीटर वाकलेला डोळ्यांना दिसतो. मग एक वीट त्या वाढीपेक्षा किंचित जास्त मागे सरकवून तोच प्रयोग पुन्हा करा. या वेळी स्पोक जवळजवळ सरळच राहतो. आमच्या मते प्रसरणाच्या धड्यातल्या चेंडू-कडीच्या प्रयोगापेक्षा हा जास्त बोलका आहे.

म्हणून आम्ही चौकट आणि वेल्डिंग दोन्ही काढून टाकली. भट्टीत पुढे आणि मागे विटांच्या खोबणीत बिडाची एकेक जाड आडवी तुळई ठेवली, आणि तिच्यावर बिडाचे सुटे गज नुसते मांडले. बीड, म्हणजे ओतीव लोखंड. ते तर पोलादाच्या आधीच, ११५० ते १२०० अंशांच्या आसपास वितळते! तरीही तेच घेतले, कारण ओतकामात गजाला हवा तो आकार देता येतो आणि लाल झाल्यावर बीड पातळ पोलादी सळीसारखे लोंबत नाही. शिवाय गज वितळण्याइतका तापू द्यायचाच नसतो, आणि ते काम हवेवर सोपवायचे असते. १ किलो लाकूड जळायला किमान ५ किलो हवा लागते. तिचा बराचसा भाग गजांच्या फटींतून वर जातो. बाहेरची हवा ३० अंशांची असते; ती जाता जाता गजाची उष्णता घेऊन जाते आणि स्वतः तापून निखाऱ्यांत शिरते. म्हणून गज चपटा नसावा, उभा आणि खोल असावा. मोटरसायकलच्या इंजिनावर ज्यासाठी पात्या असतात, त्याचसाठी.

आमचा गज ४५० मि.मी. लांब, ६० मि.मी. खोल, वरच्या बाजूला १५ आणि खाली ८ मि.मी. जाड होता. खाली निमुळता अशासाठी, की वरची १० मि.मी.ची फट खाली रुंद होत जाते आणि वरून आत शिरलेला कण मध्येच अडकत नाही. फट नेमकी राहावी म्हणून गजाच्या दोन्ही टोकांना बाजूला छोटे उंचवटे ओतलेले. एका गजाचे वजन सव्वादोन किलो भरते (बिडाची घनता ७.२ धरून विद्यार्थ्यांना हे काढायला सांगावे), म्हणजे स्वयंपाकाच्या मावशी तो चिमट्याने उचलू शकतात. बोल्ट एकही नाही. भट्टीत बोल्ट लावले तर ऑक्साइडमुळे ते असे धरतात, की छिन्नीखेरीज सुटत नाहीत. सर्व गज सारखे, म्हणून मधला अर्धा झिजलेला गज कडेला आणि कडेचा मध्ये अशी अदलाबदलही करता येते.

कागदावर सगळे छान होते. भट्टीची रुंदी ६०० मि.मी., गज आणि फट मिळून २५ मि.मी., म्हणून २४ गज. ते अगदी नीट, गच्च बसले, आणि आम्ही खूश होऊन परतलो. महिन्याभरात निरोप आला, की बाजूच्या भिंतीची वीट बाहेर सरकली आहे. लांबीच्या दिशेने आम्ही जागा सोडली होती, रुंदीच्या दिशेने विसरलो होतो! उंचवट्यांना उंचवटे टेकलेले २४ गज म्हणजे प्रसरणाच्या दृष्टीने ६०० मि.मी.चा एकच ठोकळा. ५०० अंशांना तो सव्वातीन मि.मी. वाढणार. उपाय सोपा निघाला. एक गज काढून टाकला, २३ ठेवले, आणि उरलेली जागा दोन्ही बाजूंना वाटून दिली.

लांबीच्या दिशेनेही बेरीज एवढ्यावर थांबत नाही. बीड वारंवार तापवले की ते कायमचे वाढते. निवल्यावरही मूळ लांबीवर येत नाही. त्यातले लोह कार्बाइड उष्णतेने फुटून लोह आणि ग्रॅफाइट वेगळे होतात, आणि त्यांना मिळून जास्त जागा लागते. शिवाय ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या कडेने ऑक्सिजन आत शिरतो आणि धातू आतूनही ऑक्सिडीकृत होऊन फुगतो. सहा महिन्यांनी मधला एक थंड गज न वापरलेल्या गजाशेजारी ठेवला, तेव्हा तो नुसत्या डोळ्यांनी कळण्याइतका लांब झाला होता. त्यामुळे प्रसरणाला अडीच मि.मी. पुरत असले तरी आम्ही टोकांना मिळून १० मि.मी. मोकळे सोडले. गज तुळईवर दोन्हीकडे २५ मि.मी. टेकतो, तो पूर्ण एका बाजूला सरकला तरी दुसऱ्या टोकाला २० मि.मी. आधार उरतो. सोडलेली जागा राखेने भरून घट्ट झाली, तर सोडून न सोडल्यासारखीच. म्हणून गजाची टोके खालून तिरकी छाटली, म्हणजे राख खाली घसरते.

आणखी एक फटका बसला, तो स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात. भट्टी रात्रंदिवस चालली आणि राखेचा खड्डा उपसायचे कोणाच्या ध्यानात राहिले नाही. खड्डा गजांच्या तळाशी भिडला. हवेची वाट अडली, खाली पडलेल्या निखाऱ्यांची धग वर लागू लागली, आणि गज दोन्ही बाजूंनी तापले. तीन गज खचले. दोष मावशींना देणे अन्यायाचे होईल. खड्डा उथळ होता आणि त्याचे दार ओणवे झाल्याशिवाय दिसत नव्हते, म्हणजे चूक आमच्या आराखड्याची. खड्डा खोल केला, दार मोठे केले. ते तीन गज मात्र दहा मिनिटांत बदलले गेले, आणि त्या दिवशीचे जेवण वेळेवर झाले.

लाकडात राख कमी, शंभर किलोमागे साधारण १ किलो. आपल्याकडचा बराचसा दगडी कोळसा जाळला, तर तेवढ्यातून ३० ते ४० किलो राख निघते. ती जास्त तापली की मऊ होऊन एकमेकींना चिकटते आणि वीटभट्टीत दिसतो तसा खंगर होऊन गजांवर बसतो. अशा ठिकाणी स्थिर जाळी पुरत नाही. वाफेच्या इंजिनांत म्हणूनच हलवता येणारी जाळी बसवत असत. इंग्लंडमध्ये जॉन ज्यूक्स याने १८४१ साली याच्याही पुढची कल्पना पेटंट केली. जाळी म्हणजे सुट्या कड्यांची सायकलच्या साखळीसारखी, पण रुंद, फिरती साखळी. वरून जाताना कोळसा जाळत न्यायचा, शेवटी राख टाकायची आणि खालून परत येताना थंड व्हायचे. कडी बिघडली की तेवढीच बदलायची.

आता राहिला सुट्या भागांचा सर्वांत दुर्लक्षित प्रश्न. भाग बदलता येतो म्हणजे तो मिळतो, असे नाही. आमच्या गजांचा लाकडी फर्मा ओतकाम करणाऱ्याकडेच राहिला होता आणि त्याने मधल्या काळात कारखाना हलवला. नवीन माणसाने सुचवले, ‘जुना गज द्या, त्यावरून साचा करतो.’ हे धोक्याचे आहे. ओतलेले बीड थिजून निवताना दर मीटरला सुमारे १० मि.मी. आकसते, म्हणून फर्मा तेवढा मोठा करावा लागतो. ४५० मि.मी.च्या गजावरूनच साचा केला, तर नवा गज साडेचारशेऐवजी ४४५.५ भरेल, त्याच्यावरून केलेला ४४१. जुना गज जर मधला, वाढलेला असेल, तर आणखी घोळ. त्याची लांबी आणि जाडी दोन्हींचा भरवसा नाही. शेवटी शाळेच्या सुतारकामाच्या शिक्षकांनी सागवानाचा नवा फर्मा केला, ४५४.५ मि.मी. लांब. नववीच्या मुलांनी तो मोजपट्टीने तपासला. आता तो प्रयोगशाळेच्या कपाटात असतो, दांडीवर माप कोरलेला, आणि भट्टीशेजारच्या फळीवर सहा गज जादा ठेवलेले असतात. दोन उरले की सहा मागवायचे, असे मावशींनी ठरवून टाकले आहे.